तारेला ओवलेल्या चिठ्ठ्या

साताऱ्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक तार टांगलेली आहे. खाली लाकडी चकती, वर आकड्यासारखं वाकवलेलं टोक. आलेलं बिल त्या टोकातून खाली सरकवायचं. लाइट बिल, पाणीपट्टी, गॅसची पावती, दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब, सगळं त्यात. तार भरली की बाबा अख्खी चळत काढतात, सुतळीनं बांधतात आणि माळ्यावर टाकतात. आजोबाही हेच करायचे. "कधी कोण कुठली पावती मागेल, सांगता येत नाही," हे आजोबांचं वाक्यसुद्धा बाबांनी तारेबरोबर वारशात घेतलंय. गेल्या साठ वर्षांत कोणी काही मागितल्याचं ऐकिवात नाही.

२०२५च्या जानेवारीत आत्याचे दिवस झाले, पाहुणे पांगले आणि बाबांनी मला माळ्यावर चढवलं. म्हणाले, "त्या गठ्ठ्यांत ताईच्या चिठ्ठ्या असतील. तेवढ्या काढून ठेव."

मला वाटलं चार-दोन असतील. तीन दिवस शिंकत शिंकत गठ्ठे सोडले, तेव्हा सत्तेचाळीस निघाल्या. प्रत्येकीच्या मधोमध तारेचं भोक आणि त्याभोवती गंजाची तांबूस कडा. तारखेच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, लसीकरणाच्या जुन्या फॉर्मची कोरी बाजू, हाताला लागेल त्यावर लिहिलेलं. मजकूर कधी तीन ओळींच्या वर गेलेला नाही.

"हरिश्चंद्रगड. पाचनईकडून. सोमवारी रात्रीच्या गाडीनं येते. दुधाचे पैसे डब्याखाली."

"पन्हाळा ते विशाळगड, पायी. मंगळवार. माझा भात टाकू नका."

कुठे, कुठून, परत कधी आणि घरातलं एखादं राहिलेलं काम. 'जाऊ का' हे दोन शब्द सत्तेचाळीसपैकी एकाही चिठ्ठीत नाहीत. आत्यानं कधी विचारलं नाही. सांगितल्याशिवाय मात्र एकदाही गेली नाही. १९७०च्या आसपास साताऱ्याच्या एका पेठेतल्या बिनलग्नाच्या मुलीनं हे कसं जमवलं असेल, त्याचा अंदाज मला हे कागद हातात येईपर्यंत नव्हता. आम्ही तिला जन्मापासून तशीच बघत आलो होतो. घरात मांजर असावं तशी आत्या आत-बाहेर करायची.

ती १९४७ची. एसटीची पहिली गाडी पुणे-नगर धावली ती १ जून १९४८ला. "एसटी माझ्यापेक्षा वर्षानं लहान आहे, म्हणून तिला समजून घ्यायचं," असं ती स्टँडवर तास-दीड तास ताटकळताना शेजारच्या बाईला सांगायची. उंची पाच फुटाला एखादा इंच कमीच. पाचवारी साडी थोडी वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की बोळाच्या तोंडाशी ती भाजीवाल्याशी बोलत असली तरी आई इकडे चहाचं आधण ठेवायची. स्वयंपाकात पिठलं सोडून काही येत नसे. झब्बूत ती उघड उघड लबाडी करायची आणि पकडली की पत्ते उधळून द्यायची. नेलेला डबा तिनं आयुष्यात परत आणला नाही. आईचे चार पितळी डबे सह्याद्रीत कुठे कुठे पडले असतील, ते कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडायचं नाही.

मॅट्रिक झाल्यावर तिनं एएनएमच्या, म्हणजे नर्सच्या, ट्रेनिंगला नाव घातलं. आजोबांना ती शिक्षिका व्हायला हवी होती. आजीचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "दुसऱ्यांची बाळंतपणं करायला का मी हिला शिकवली?" दोघांनी आठवडाभर अबोला धरला. आत्या तो आठवडा जेवण-खाण व्यवस्थित करत होती, असं बाबा सांगतात. उपोषण वगैरे भानगडीत ती पडायची नाही. भूक तिला सहन व्हायची नाही.

पहिली चिठ्ठी डिसेंबर १९६७ची. लाइट बिलाच्या वरच लागलेली, म्हणून तारीख शोधावी लागली नाही. अकरा डिसेंबरच्या पहाटे चारनंतर कोयनेचा भूकंप झाला. साताऱ्यात आमच्या घराच्या तुळया करकरल्या, फडताळातली भांडी खाली आली आणि सगळी गल्ली अंथरुणं गुंडाळून रस्त्यावर येऊन बसली. बाबा तेव्हा सोळा वर्षांचे. त्यांना आठवतं ते असं, की थंडी मरणाची होती, आजी रामरक्षा म्हणत होती आणि ताई अंधारात घरात परत जाऊन स्वतःचे बूट घेऊन आली. आजोबा ओरडले. ती म्हणाली, "अनवाणी कशी जाऊ?" कुठे जायचंय, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. उजाडल्यावर ती दवाखान्यात गेली. दुपारी शेजारचा मुलगा चिठ्ठी घेऊन आला.

"कोयनानगरला जाते. दवाखान्याचा ट्रक आहे. कधी येईन माहीत नाही."

आजोबांनी ती वाचली. फाडावी की जपावी हे त्यांना कळेना. ती त्यांनी तारेत ओवून टाकली.

कोयनानगरला त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. विसाव्या वर्षी तिनं तिथे काय पाहिलं असेल, कोणास ठाऊक. नऊ दिवसांनी ती परत आली, तेव्हा आजीनं तिला आधी अंघोळीला पाठवलं, मग देवापुढे बसवलं आणि तिच्याकडून वचन घेतलं: "नोकरीतलं काही माझ्या कानावर घालायचं नाही. माझ्या जिवाला लागतं." आत्यानं दिवा शिवून हो म्हटलं.

आजी १९८८ला गेली. वचन आत्यानं त्यानंतरही पाळलं.

म्हणून त्या सत्तेचाळीसमधली नोकरीची चिठ्ठी ही एकच. बाकीच्या सगळ्या सुट्टीच्या. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी माळ्याखाली जमिनीवर बसले होते आणि गठ्ठ्यांमधून वर्षं लावत होते. एका ढिगात आत्याचे गड, दुसऱ्यात तीर्थं, तिसऱ्यात नुसतीच भटकंती. चौथा ढीग करायला कागदच नव्हता.

नोकरीचं आम्हाला माहीत होतं ते इतकंच. रेक्झिनची काळी पिशवी, तिला स्पिरिटचा वास. शनिवारी संध्याकाळी बामणोलीची गाडी राजवाड्यापाशी यायची, तिच्यातून ती उतरायची. सोमवारी पहाटे त्याच गाडीनं परत. जावळीच्या खोऱ्यात, कोयना धरणाच्या फुगवट्याच्या काठी तिचं उपकेंद्र होतं. आम्हा पोरांना त्यात मजा एवढीच, की ती गाडी कासच्या पठारावरून जायची आणि पावसाळा सरता सरता ती येताना तिकडच्या फुलांची वर्णनं घेऊन यायची. सीतेची आसवं आहेत, तेरड्यानं सगळं गुलाबी झालंय, टोपली कारवी यंदा नाही, अजून दोन वर्षं थांबा. फूल तोडून मात्र तिनं कधी आणलं नाही. पुढे पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत आला, २०१२ साली. कासला तिकीट लागलं, कुंपण लागलं, मोटारींच्या रांगा लागल्या. आत्या एकदाच तिकीट काढून आत गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बरं आहे. पण फुलांना आता बघितल्याचं कळतं."

फुगवट्याची गोष्ट मोठेपणी समजली, तीही पुस्तकातून. साठच्या दशकात धरणात पाणी चढत गेलं तशी खोऱ्यातली शेतं, देवळं, घरं पाण्याखाली गेली. काही गावं दूर कुठे कुठे वसवली गेली, काही जण मूळ जमीन सोडवेना म्हणून डोंगरावर सरकून राहिले. काल ज्या गावाला चालत जाता यायचं, ते पाण्याच्या पलीकडचं झालं. कर्ती माणसं मुंबईला माथाडीत. मागे म्हातारे, बायका आणि पोरं. आजारी माणूस न्यायचा तर घोंगडीची झोळी करून, बांबूला बांधून, दोघांनी खांद्यावर घ्यायचा आणि धक्क्यापर्यंत उतरायचं. पुढे लाँच. लाँच नसेल तर होडी. ती मिळाली नाही तर वाट बघायची. माझी आत्या अशा गावांची नर्सबाई होती, तीस-पस्तीस वर्षं. त्रिगुणीच्या लसी बर्फाच्या डब्यात घालून ती पलीकडे जायची, तिथे चूल मागून काचेच्या सिरिंजा उकळायची, बाळंतिणींच्या पोटाला हात लावून दिवस सांगायची. हे सगळं आम्ही एका शब्दात गुंडाळून ठेवलं होतं: ड्युटी. "आत्या ड्युटीवर आहे." म्हणजे काळजीचं काही नाही. काळजी ती हरिश्चंद्रगडाला गेली की करायची.

तिच्या लग्नाचं म्हणाल तर आजीनं दोन-तीन वर्षं नेटानं प्रयत्न केले. एक मंडळी बघायला येणार त्या रविवारी ती सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन येते म्हणाली आणि दुपारी चारला उतरली. मंडळी कांदेपोहे खाऊन गेलेली. आजोबांनी जाब विचारला तेव्हा म्हणे, "वर फार छान वारा होता." पुढे विषय आपोआप मागे पडला. त्या मागे काही होतं की नव्हतं, हे मला विचारायचं होतं. राहून गेलं.

लूना तिनं सत्तरच्या दशकातच घेतली. लूना बाजारात आली १९७२ला, आणि आमच्या बोळातली पहिली आत्याची. पेट्रोल पंपावर ती ऑइलचं माप स्वतः बघून घालायला लावायची. रविवारी बाबांना मागे बसवून यवतेश्वरच्या घाटात निघायची. दोन माणसं घेऊन घाट चढायला लूनाची छाती कुठली! पहिल्या वळणाला ती गुरगुरायची, दुसऱ्याला रडायला लागायची. मग आत्या पेडल मारायची आणि बाबा खाली उतरून ढकलायचे. पंचविशीतली बाई घामाघूम होऊन पेडल मारतेय आणि मागून मिशा फुटलेला भाऊ ढकलतोय, हे दृश्य घाटातल्या ट्रक ड्रायव्हरांना ओळखीचं झालं होतं. हॉर्न वाजवून सलाम करायचे. बाबा अजून सांगतात, "तिची लूना होती, पण अर्धा यवतेश्वर मी चालत चढलोय."

आम्हा भावंडांना पोहायला तिनंच शिकवलं. बाबांच्या मामांच्या मळ्यात विहीर होती, पायऱ्यांची, काळ्या पाण्याची. मे महिन्यात रोज सकाळी आमची वरात तिकडे. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि सोडायचं. आत्या काठावर उभी. "पाय मार! पाय मार! हात चमच्यासारखा कर! तोंड मीट गं, बोलतेस काय!" तिच्या आवाजाला विहिरीत घुमारा यायचा. मी बुडाले की ती जोरात हाक मारायची आणि बाबा उडी टाकायचे. चार उन्हाळ्यांत आम्ही सहा पोरं पट्टीची पोहणारी झालो. ती स्वतः पाण्यात का उतरत नाही, असं एकदा चुलतभावानं विचारलं होतं. "साडी नेसलेय ना रे गाढवा." उत्तर पटण्यासारखं होतं. आम्ही परत पाण्यात गेलो. आई वरच्या पायरीवर टॉवेल घेऊन बसलेली असायची. ती काही बोलली नाही.

वासोट्याला ती आम्हाला घेऊन गेली १९९१च्या नाताळच्या सुट्टीत. मी अकरा वर्षांची. बामणोलीला सगळे तिला ओळखत होते. चहावाला पैसे घेईना. धक्क्यावरच्या माणसानं तिच्याकडे बघून नुसतंच हसून मान हलवली आणि लाँचच्या मधल्या फळीवर पोतं अंथरलं. आत्या तिथे बसली आणि मला शेजारी ओढून बसवलं. मला पुढे टोकाशी बसायचं होतं. भाऊ तिथे बसले होते, पाण्यात हात घालत होते. सकाळचं धुकं पाण्यावरून उठत होतं, डिझेल इंजिनाचा फटफटाट डोंगरावर आपटून परत येत होता, आणि मी रडकुंडीला आले होते, कारण आत्यानं मागून माझ्या शर्टाची कॉलर मुठीत धरली होती. तास-दीड तास ती सुटली नाही. सुटायची धडपड केली तर मूठ आणखी आवळायची. एरवी अखंड बडबड करणारी बाई त्या वेळात अवाक्षर बोलली नाही. पाण्याखाली कुठलं गाव आहे, असं भावानं विचारलं, तर तिनं डोळेही उघडले नाहीत. म्हणाली, "नंतर."

वासोट्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला पाय जमिनीला लागले आणि आत्याचा आवाज परत आला. ओढ्याकाठच्या मारुतीला नमस्कार करून ती जी सुटली ती आमच्या पुढे. वासोट्याचं जंगल दाट, वर बघितलं तर आभाळाचे तुकडे. दमलो की ती वळून ओरडायची, "तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा!" पेशवाईच्या अखेरीस पंतप्रतिनिधींच्या बाजूनं ताई तेलिणीनं हा किल्ला कित्येक महिने झुंजवला, समोर बापू गोखल्यांसारखा सरदार. शाळेत तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं. आत्यानं मात्र ती गोष्ट चढावर इतक्या आवडीनं सांगितली, की मला वाटलं तेलीण आमच्याच बोळातली असणार. वर पोचल्यावर बाबुकड्याच्या टोकावर आत्या पालथी पडून खाली बघत होती. हजारो फुटांचा सरळ तुटलेला कडा. भाऊ मागे सरकले, मला पोटात कालवलं, आणि ही हनुवटी दगडावर टेकून शांत. "या की, घाबरता काय? कडा कुठे पळून जातोय?"

परतीच्या लाँचमध्ये पुन्हा मधली फळी, पुन्हा कॉलर. घरी पोचलो तेव्हा शिवण उसवली होती. मला ओरडा बसेल असं वाटत होतं. आईनं शर्ट हातात घेतला, कॉलर पाहिली, आत्याकडे पाहिलं आणि सुई-दोरा घेऊन बसली.

आत्या २००५ला रिटायर झाली आणि दोन वर्षांनी नर्मदा परिक्रमेला निघाली. चिठ्ठी अशी: "नर्मदे हर. पायी. पाच-सहा महिने. पेन्शनच्या पासबुकात सही केलेली स्लिप आहे." नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं, कुठेही ओलांडायची नाही, मिळेल ते खायचं. साधारण सव्वीसशे किलोमीटर. एका पीसीओवरून आठवड्याला एक फोन यायचा. बाबा नकाशा पसरून पेन्सिलीनं खुणा करायचे आणि रागावल्यासारखं दाखवायचे. परत आली ती काळीभोर, वजन दहा किलोनं उतरलेलं, आणि पुढचं वर्षभर त्या गोष्टी पुरल्या: शूलपाणीच्या झाडीतलं गाव, सदावर्तातली खिचडी, अमरकंटकची थंडी, एका साधूला हिनं दिलेली डोकेदुखीची गोळी.

परिक्रमेत एके ठिकाणी नावेत बसावंच लागतं. भरूचच्या खाली नदी समुद्राला मिळते, तिथे विमलेश्वरहून पलीकडे मिठी तलाईला जायला भरतीची वेळ साधून नाव सुटते. काही तासांचा प्रवास, सगळा खाडीच्या आणि समुद्राच्या पाण्यावर. परिक्रमा केलेली माणसं त्या नावेबद्दल भरभरून सांगतात. आत्याला मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "हं. गर्दी फार होती." आणि खिचडीवर गेली.

मग आलं २०२२. ऑगस्टात पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली. आत्याची पंचाहत्तर वर्षं नुकतीच पूर्ण झालेली. सरकारनं आपल्या एकटीसाठी हे केलं असं तिचं ठाम मत होतं. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलं आणि निघाली. महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत फुकट, तर मग हद्द कुठे आहे ती बघून यायला नको? "सिरोंचा. तिथे गोदावरीला प्राणहिता मिळते. आठवडा. हरभरे भिजत घातलेत, उपसा." साताऱ्याहून राज्याचं ते टोक, गाड्या बदलत बदलत. कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून द्यायचा. ती शून्याची तिकिटं तिनं एका डबीत साठवली. पुढच्या मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाली, "तुझं अर्धं, माझं फुकट. अर्ध्या तिकिटात दोघी. पिशवी भर." आईनं चाळीस वर्षांच्या संसारात एकटीनं बाहेरगावी रात्र काढली नव्हती. तिनं पिशवी भरली. माहूर, लोणार, अंबाजोगाई. त्या वेळच्या चिठ्ठ्या आईच्या अक्षरात आहेत. बाबांनी त्याही ओवल्या. बाजूला त्यांच्या हातानं लिहिलेला शेरा आहे: "दोघीही."

ती गेली २०२४च्या डिसेंबरात. आदल्या दिवशी बाजारातून वांगी आणली होती, सकाळी उठली नाही. इतकंच. तिच्याबाबतीत आम्ही सगळे कड्यांना, दऱ्यांना, घाटातल्या वळणांना भीत आलो, आणि ती गेली दुलईत.

तेरावं झालं त्यानंतर पाच-सहा दिवसांनी दुपारी एक बाई आणि तिचा मुलगा दारात उभे राहिले. बाई साठीच्या पुढची, हातात नाचणीची पिशवी आणि मधाची बाटली. बामणोलीच्या गाडीच्या कंडक्टरकडून कळलं म्हणाली. फोटोला हात जोडले, पिशवी आईच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून खाली बसली. खुर्ची दिली तर नको म्हणाली. मुलगा चाळिशीचा, मुंबईत टेम्पो चालवतो. तो दाराशीच उभा.

"ह्यो लाँचमधीच झाला," ती म्हणाली.

मग चहा गार होईपर्यंत तिनं सांगितलं. पावसाळ्याचे दिवस, रात्र, पोर पायाळू. नर्सबाई पलीकडून आली, तपासलं आणि म्हणाली, इथं होणार नाही, चला. झोळी करून खाली आणली. लाँच निघाली आणि मध्यावर इंजिन बंद पडलं. वरून पाऊस, खाली लाटा. नवरा मुंबईला. लाँचवाला अंधारात इंजिनाशी झगडतोय. "मला कळा, आन् बाई माझाच हात धरून बसल्या. असा धरला का बांगड्या फुटल्या माज्या. मी म्हन्लं, बाई, तुमी भिताय व्हय? तर म्हनल्या, गप, कळ दे."

आम्ही हसलो. तीही हसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लई भ्यायच्या वो पान्याला. दर येळंला. लाँच हालली का डोळं मिटायच्या. पवायला कुटं येत व्हतं त्यान्ला! पर कवा निरोप धाडला आन् बाई आल्या न्हाईत, आसं झालं न्हाई."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "ताईला? पोहता येत नव्हतं?"

कोणी काही बोललं नाही. बाबांनी एकेकाकडे पाहिलं, मी चुलतभावाकडे पाहिलं. सहा जणांना पोहायला शिकवलेल्या त्या विहिरीचा घुमारा माझ्या कानात होता.

"येत नव्हतं," आई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, नाचणीची पिशवी अजून हातात. "मी विचारलं होतं वन्संना. विहिरीवर. तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"आपल्या," बाबा म्हणाले. का ते त्यांनाही कळलं नसावं.

"आपल्या," आई म्हणाली आणि पाहुण्यांना आणखी चहा करायला आत गेली.

मायलेक पाचच्या गाडीनं परत गेले. मी माळ्यावरून काढलेल्या चिठ्ठ्या एका डब्यात भरत होते. डब्याचं झाकण लागेना, म्हणून आईच्या शिवणाच्या पेटीत दुसरा डबा आहे का बघायला गेले. पेटीत तळाशी, बटणांच्या डबीखाली, निळ्या चौकटीचं एक कापड होतं. माझा तो शर्ट. बाह्या फरशी पुसायला गेलेल्या, पाठ कधीच विरलेली. आईनं कॉलर तेवढी कापून ठेवली होती.